मिश्रणात सापडलेल्या बाई

१

बाई पिवळ्या पडून गेल्या. आधी डोळे पिवळे झाले, मग नखं, आणि शेवटी शेवटी तर त्या पोटच्या मुलीला ‘कोणत्या वर्गातली गं तू?’ असं विचारायला लागल्या. आयुष्यभर भूगोल शिकवलेली बाई स्वतःच्या घराचा रस्ता विसरली. यकृत बंद पडलं की डोकंही घसरतं, असं इस्पितळातले लोक म्हणाले. अंत्यसंस्कार झाले, माणसं पांगली, आणि लगेच बाईंच्या मुलानं सख्ख्या थोरल्या बहिणीविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. आईला हिनं मारलं, गोळ्या चारून.

मला थापा मारायची खोड आहे हे आमच्या सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक आहे. पण बाईंच्या बाबतीत मी जे सांगतो त्यात पदरचं काही नाही, कारण त्याची गरजच पडली नाही.

बाईंची आणि माझी ओळख आरोग्य संशोधन संस्थेच्या बाकावरची. दोघांच्याही यकृतावर चरबी. संस्थेनं त्यावर एक नवी गोळी काढली होती आणि आमच्यासारखी पन्नासेक हौशी माणसं ती घरी नेऊन खायची. ठरल्या सकाळी उपाशीपोटी जायचं, नळीभर रक्त द्यायचं. ते रक्त एका कपाटाएवढ्या मशीनमध्ये जायचं. त्याचं खरं नाव मास स्पेक्ट्रोमीटर, पण संस्थेत सगळे त्याला ‘काटा’ म्हणत. खाल्लेल्या घासाचं, घेतलेल्या गोळीचं, अपुऱ्या झोपेचं शरीर जे काही बारीकसारीक रेणू करून रक्तात सोडतं, ते एकेक करून हा काटा तोलतो. प्रत्येकाचं वजन वेगळं, त्यामुळे प्रत्येकाची ओळख पटते.

त्या काट्यानंच बाईंच्या मुलीला अडकवलं. मरणाआधीच्या बाईंच्या शेवटच्या रक्तात संस्थेच्या औषधाचा मागमूस नव्हता. होती ती साधी अंगदुखीची गोळी, पण बेसुमार. संस्थेचा अहवाल सरळ होता. बाईंनी आमचं औषध सोडलं होतं आणि कुणीतरी त्यांना वेदनाशामक भरमसाठ देत होतं. घरात गोळ्या द्यायचं काम मुलीचं. भावाला आणखी काय हवं होतं?

तपास माझ्या भाचीकडे आला. इन्स्पेक्टर आहे, लहानपणापासून माझ्या गोष्टींतल्या फटी शोधून शोधून तिचा हात तयार झालेला. बाईंच्या शेजारी बाकावर बसणारा साक्षीदार म्हणून तिनं मला बोलावलं, तेव्हा मुलगी समोरच बसली होती. पन्नाशीला टेकलेली, मांडीवर पिशवी, रडून झालेली. भाचीनं तिला पुन्हा विचारलं, संस्थेची गोळी आई घ्यायची का?

“रोज सकाळी मी माझ्या हातानं दिली. गिळेपर्यंत समोर उभी राहायचे. एक दिवस चुकला नाही.”

“रक्तात ती नाहीच,” भाची म्हणाली. “काटा खोटं बोलत नाही म्हणतात.”

मुलीनं पिशवीचे बंद सारखे केले. मग वर बघून म्हणाली, “मग ते रक्त माझ्या आईचं नाही.”

२

काट्याच्या खोलीत इतकी थंडी की मी मफलर सोडला नाही. मशीन चालवणारा एक किडकिडीत रसायनशास्त्रज्ञ होता, त्याला सगळे ‘तराजू’ म्हणत आणि त्याला ते आवडायचं. मला बघून त्याचा चेहरा फुलला.

“या आजोबा. मॅडम, तुमचे हे मामा गोळी घेत नाहीत. कॉफी मात्र घेतात, तीही उपाशीपोटी यायच्या सकाळी. आणि विचारलं की शपथ घेतात.”

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. गोळी मी मोरीत टाकत होतो, कारण तिनं तोंड कडू व्हायचं. पण ते या कपाटाला कळेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

भाचीची पहिली शंका साधी होती. कुणीतरी बाईंच्या नळीत वेदनाशामक गोळीची पूड कालवली असेल. तराजूनं मान हलवली. त्यानं पडद्यावर उंचवट्यांची एक रांग काढून दाखवली. एकेक उंचवटा म्हणजे एकेक वजनाचा रेणू. गोळी पोटात गेली की यकृत तिला तशीच सोडत नाही, तिच्यावर आपलं काहीतरी चिकटवून मगच बाहेरची वाट दाखवतं. पूड कालवली असती तर नुसतं कोरं औषध दिसलं असतं. इथं यकृताची मोहोर लागलेले सगळे तुकडे होते. म्हणजे ही गोळी कुणीतरी खरोखरच खाल्ली होती.

मुलीच्या गळ्याभोवतीचा फास आणखी आवळला असं मला वाटलं. भाची मात्र खुर्ची ओढून बसली.

नर्सला बोलावलं. तिला आम्ही सिस्टर म्हणत असू, सुई टोचताना गप्पा मारायची, त्यामुळे दुखायचं नाही. तिनं सांगितलं की बाईंचं रक्त तिनंच काढलं, नाव-नंबर तिनंच चिकटवला. रक्त फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं केलं, आणि सगळ्या नळ्या तराजूच्या हातात दिल्या. तिथून त्या कडक गोठवणाऱ्या फ्रीजरमध्ये गेल्या. काटा रिकामा होईपर्यंत नळ्या तिथंच पडून होत्या. तोवर बाई इस्पितळात पोचल्या होत्या. फ्रीजरची किल्ली तिघांकडे. सिस्टर, तराजू आणि संशोधनाचे प्रमुख, मोठे डॉक्टर.

“नळीत आता काही उरलंय?” भाचीनं विचारलं.

काही नव्हतं. सगळं काट्यानं प्यालं होतं. पण तराजू म्हणाला की काटा विसरत नाही. आपण विचारलेलं आणि न विचारलेलं, सगळं तो एकदाच तोलून ठेवतो. नंतर हवं ते शोधता येतं.

“मग मी सांगते ते शोधा. हे रक्त बाईमाणसाचंच आहे का, बघा.”

तराजू हसला. हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्यानं पुरुषांच्या रक्तात भरपूर असणाऱ्या संप्रेरकाचं वजन टाकलं आणि कळ दाबली. पडद्यावर एक रेघ सरळ वर चढत गेली. त्याचं हसू ओठांवरच वाळलं.

“मॅडम,” तो म्हणाला, “हा पुरुष आहे.”

३

मोठे डॉक्टर आपल्या खोलीत आम्हाला उभे राहून भेटले. उंच, पांढरे केस, आवाज असा की ऐकणाऱ्याला आपण आजारीच बरे होतो असं वाटावं. नळी पुरुषाच्या रक्ताची आहे हे ऐकून ते खेदानं म्हणाले की नळ्यांची अदलाबदल झाली असणार. तराजू कामाचा माणूस, पण वेंधळा. तराजू दाराशीच उभा होता. त्याचे कान लाल झाले.

भाचीनं हिशेब मांडला. अदलाबदल झाली असेल तर ही नळी दुसऱ्या कुठल्यातरी पुरुषाची. पण आमच्यातले सगळे पुरुष संस्थेची गोळी घेत होते, आणि या रक्तात ती नव्हती.

“सगळे नव्हे,” मोठे डॉक्टर हळूच म्हणाले, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

साठी उलटल्यावर आपल्यावर खुनाचा संशय येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर पहिला क्षण थोडा गुदगुल्यांचा गेला. भाचीचा चेहरा तसाच कोरा. “मामा, तू अंगदुखीची गोळी घेतली होतीस?” मी नाही म्हणालो, आणि माझं नाही म्हणणं किती वजनाचं असतं ते मलाच कळलं.

माझी अब्रू वाचवली ती कॉफीनं. माझी नळी माझ्या जागी होती, तिच्यात कॉफीचा डोंगर उभा होता. बाईंच्या नावाच्या नळीत कॉफीचा कण नव्हता. म्हणजे कुणाचीच नळी हरवली नव्हती. आमच्या सगळ्यांच्या नळ्या आपापल्या जागी, आणि बाईंच्या जागी मात्र आमच्यात नसलेला एक पुरुष. हा वेंधळेपणा नव्हता. कुणीतरी मुद्दाम नळी आणून ठेवली होती.

भाचीनं विषय बदलला. काटा इतका नाजूक, तर तो मध्येच बिघडला हे कळतं कसं, असं तिनं भाबडेपणानं विचारलं. मोठे डॉक्टर शिकवण्याच्या सुरात गेले. सगळ्यांच्या नळ्यांतून थेंब थेंब घेऊन एक मिश्रण करतात. दर थोड्या नळ्यांनंतर तेच मिश्रण काट्यात घालायचं. दर वेळी सारखंच उत्तर आलं की काटा शुद्धीवर आहे. आणि हे मिश्रण ज्या दिवशी काटा लावायचा, त्याच दिवशी सकाळी, सगळ्या नळ्या फ्रीजरमधून काढून, वितळवून करायचं. ही पद्धत त्यांनी स्वतः घालून दिली होती. सांगताना त्यांना अभिमान होता.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, माणूस छान बोलतो. भाची वळून तराजूकडे बघत होती, आणि तराजू जमिनीकडे.

४

मोठ्या डॉक्टरांना तिनं पुन्हा गाठलं नाही. तराजूलाच परत काट्याच्या खोलीत नेऊन बसवलं. माझा संशय तोवर त्याच्यावर पक्का झाला होता. पुरुष, हातात किल्ली, आणि नजर खाली. भाचीनं त्याच्यावर आरोप वगैरे काही केला नाही. विचारलं ते इतकंच, की काट्यातून जे निघतं त्यातलं तुम्ही फेकून काय देता?

तो गोंधळला. मग म्हणाला, बरंच. धूळ, हातमोज्यांचा अंश, प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून सुटणारा कचरा. हेसुद्धा काटा तोलतोच. त्यातून रक्त निवडून काढायचं म्हणजे तांदळातले खडे वेचायचे.

“या वेळी काय खडे निघाले?”

तराजूनं टाकून दिलेल्यांची यादी पडद्यावर आणली. एका ठिकाणी तो घुटमळला. एक उंचवटा होता, चांगला ठळक. दर वेळी मिश्रण घातलं की यायचा, नेमका तेवढाच. आणि माणसांच्या नळ्यांत मात्र एकातही नाही. आधी त्याला नवल वाटलं होतं. मग त्यानं ठरवलं की मिश्रणाच्या बाटलीचीच घाण असणार, आणि काट मारली.

भाची उठून उभी राहिली. “मिश्रण म्हणजे सगळ्यांचे थेंब. बरोबर? मग जे कुणाच्याच नळीत नाही ते मिश्रणात येईल कुठून?”

“म्हणून तर म्हटलं, बाटलीतून.”

“त्याच जातीच्या बाटलीत नुसतं पाणी घालून तोललं होतं का?”

तोललं होतं. तेही नेमानं करतात. त्यात तो उंचवटा नव्हता. तराजूच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. त्यानं अंगच्या सवयीनं पुढचं काम आपणहून केलं. हा काटा नुसता तोलत नाही, रेणू फोडूनही दाखवतो. त्या अनोळखी रेणूचे तुकडे त्यानं मांडले, आणि शेजारी संस्थेच्या औषधाचे तुकडे. दोन्हीकडे बहुतेक तुकडे तेच. ते औषधाचंच लेकरू होतं, पण वाकड्या वाटेला लागलेलं. बाकी कुणाच्या यकृतानं केलं नव्हतं असं काहीतरी एका यकृतानं त्या औषधाचं करून ठेवलं होतं.

मिश्रण करताना खऱ्या बाई त्यात होत्या. काटा चालला तेव्हा त्यांच्या नळीत दुसराच कुणी होता. ज्या बाईंच्या रक्ताचा थेंबही आता कुठं शिल्लक नाही असं आम्ही धरून चाललो होतो, त्या सगळ्यांच्यात मिसळून तिथंच बसून होत्या.

मी विचारलं, त्या वाकड्या लेकरानंच त्यांना मारलं का? तराजूनं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, यकृताला चिकटणारी जात दिसते.

मग भाचीनं शेवटचा प्रश्न विचारला. मिश्रण कधी केलंत?

मोठ्या डॉक्टरांची पद्धत तराजूनं कधीच सोडली होती. नळ्या वितळवल्या की नाजूक रेणू नासतात, म्हणून रक्त आल्या सकाळीच, गोठवायच्या आधी, तो थेंब काढून घ्यायचा. सिस्टर नळ्या धरायची. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. कारण त्यांनी घालून दिलेल्या पद्धतीला हात लावलेला त्यांना खपत नाही, आणि या खोलीत ते गेली कित्येक वर्षं आलेच नव्हते.

“आले नव्हते,” भाची म्हणाली, “असं तुम्हाला वाटतं.”

५

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत तिनं आवाज चढवला नाही. मी कोपऱ्यात, तराजू आणि सिस्टर दाराशी. तिनं सरळ मांडणी केली.

मुलीला किंवा भावाला फ्रीजरपर्यंत पोचता येत नाही. किल्ली असलेल्या तिघांपैकी एकानं नळी बदलली. ज्यानं बदलली त्याची खात्री होती की मिश्रण अजून व्हायचं आहे. बदललेली नळीच त्यात मिसळेल आणि सगळं जुळून येईल. मिश्रण आधीच झालंय हे तराजूला माहीत होतं, त्यानंच केलं होतं. सिस्टरला माहीत होतं, तिनं नळ्या धरल्या होत्या. त्यांच्यापैकी कुणी नळी बदलली असती तर मिश्रणही बदललं असतं.

“ज्याला माहीत नव्हतं असा एकच माणूस आहे,” ती म्हणाली. “त्यानं मघाशी मला पद्धत समजावून सांगितली.”

मोठे डॉक्टर म्हणाले की हा तर्क झाला, पुरावा नव्हे.

“काट्यात त्या पुरुषाच्या रक्ताची सगळी ठेवण आहे. बाही वर करा डॉक्टर. सिस्टर एक नळी काढतील, लगेच कळेल.”

सिस्टर पुढं झाली. हातात सुई. आज ती गप्पा मारणार नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी बाहीचं बटण सोडलं, तसंच थांबले, आणि परत लावलं.

पुढचं त्यांनी खिडकीकडे तोंड करून सांगितलं. इस्पितळातून फोन आला, बाई पिवळ्या पडल्यात, तेव्हाच त्यांना कळून चुकलं. प्राण्यांवरच्या प्रयोगात एकदा, एकाच प्राण्यात, ते वाकडं लेकरू त्यांना दिसलं होतं. अपवाद म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. बाईंच्या नळीत तेच निघणार हे त्यांनी ताडलं. मग अंगदुखीच्या गोळ्या स्वतः खाल्ल्या, डाव्या हातातून स्वतःच रक्त काढलं, आणि माणसं जेवायला गेली असताना नळी बदलली.

“औषध बाकी सगळ्यांना लागू पडतंय,” ते म्हणाले. “एका बाईसाठी ते बंद पाडायचं? त्या तर जाणारच होत्या.”

“आणि मुलगी?” भाचीनं विचारलं.

मला वाटतं डॉक्टरांनी मुलीचा विचारच केला नव्हता, आणि ते मला खुनापेक्षा भयंकर वाटलं. ‘कुणीतरी’ असं अहवालात लिहिताना त्या कुणीतरीला हात आहेत, भाऊ आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

६

मुलीच्या घरी आम्ही दुपार कलताना गेलो. भाऊ आमच्याबरोबर होता. दारातच त्यानं हात जोडले.

“ताई, माझं चुकलं. मी तुला नाही नाही ते बोललो.”

भाचीनं तिला थोडक्यात सांगितलं. तक्रार संपली. बाई संस्थेची गोळी घेत होत्या, रोज घेत होत्या, हे सिद्ध झालं. तीच गोळी त्यांच्या यकृताला बाधली.

मुलगी ऐकत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं काही येईल म्हणून आम्ही वाट बघत होतो. ते आलं नाही.

“तू काय वेगळं म्हणाला होतास?” ती भावाला म्हणाली. “गोळ्या देऊन मारलं म्हणालास. गोळी मीच देत होते ना रे. गिळेपर्यंत समोर उभी राहून.”

भाऊ खाली बसला. मला राहवलं नाही. आयुष्यभर ज्या कामासाठी शिव्या खाल्ल्या, ते आज उपयोगी पडेल असं वाटलं. मी सुरुवात केली, की बाकावर बसून बाई मला एकदा म्हणाल्या होत्या, मुलगी नसती तरी मी ही गोळी...

“काका, नको,” ती म्हणाली. रागानं नाही.

ती आत गेली, पाणी प्याली, बाहेर आली आणि भाचीला विचारलं, बाकीच्यांना कळवलं का? भाचीनं ओठ आवळले. संस्थेला तिनं बजावलं होतं. पण समितीची बैठक झाल्याशिवाय कुणालाच काही कळवता येणार नाही, असं संस्थेनं उत्तर दिलं होतं. बैठक लवकरच होईल म्हणाले.

“म्हणजे उद्या सकाळी सगळे गोळी घेणार.”

तिनं कोपऱ्यातल्या चपला पुढं ओढल्या.

“तो शिंपी आहे ना, चष्मेवाला,” ती म्हणाली. “त्याला गोळी त्याची बायको देते, दुधाबरोबर. तिनंच मला सांगितलं होतं बाकावर. आणि ती कंडक्टरची आई. तिची सून देते.” तिनं चपला पायात सरकवल्या. “ऊठ रे, स्कूटर काढ.”

भाऊ उठला. आम्ही मागून जीपमध्ये. शिंप्याचं घर गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. दार शिंप्याच्या बायकोनं उघडलं. मुलीला ओळखून ती हळहळली, आईचं ऐकून वाईट वाटलं म्हणाली, आत या म्हणाली.

मुलगी उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. “वहिनी, ती गोळी कुठं ठेवता तुम्ही?”

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं, मग पोलिसांच्या वर्दीकडे, आणि स्वयंपाकघरातल्या फळीकडे बोट केलं.

“काढून द्या मला,” मुलगी म्हणाली, आणि दोन्ही हात पुढं केले.